पत्त्यांचा कॅट चुलीत गेला, मोबाईल मात्र उशाशीच

या वेळचं पत्र पुण्याहून आलंय. लांबलचक आहे म्हणून थोडं कापून देते, बाकी शब्द त्याचेच:

"काकू, सलाम. मी २८ वर्षांचा, हिंजवडीला आयटीत आहे, मूळ नगरकडचा. दोन वर्षांपासून एका फेलोशिपला, म्हणजे ख्रिस्ती प्रार्थना-मंडळीला, जातो. तिथे मला खूप आधार मिळाला, नाहीतर मी भरकटलोच होतो. पण तिथे एक यादी आहे. पिक्चर नाही, पत्ते नाही, कॅरम नाही, रविवारी क्रिकेट नाही, गणपतीत ढोल बघायला जायचं नाही, शेजारचा दिवाळीचा फराळ घ्यायचा नाही, बायकांनी टिकली लावायची नाही. मी सगळं पाळतो. नाताळला गावी गेलो तेव्हा आजीचा पत्त्यांचा कॅट चुलीत टाकला. तेव्हापासून आजी माझ्याशी धड बोलत नाही. बायको म्हणते तुम्ही कडक झालात, चांगले नाही झालात. हे सगळं पाप आहे की नाही ते एकदा स्पष्ट सांगा. अजून एक म्हणजे रात्री मला झोप लागत नाही, मोबाईलवर दोन-अडीच वाजतात, काय बघतो ते लिहिण्यासारखं नाही. मागे टीम लावायच्या ॲपवर बरेच पैसे पण गेले, घरी माहीत नाही. पण ते वेगळं."

सलाम बाळा.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या शेवटच्या तीन शब्दांवर अडकले. "पण ते वेगळं." अरे, तेच तर पत्र आहे! बाकी जे तू दीड पान लिहिलंयस, कॅरम न् फराळ न् टिकली, ती वरची पॅकिंग आहे. तू मला सात गोष्टींबद्दल विचारलंस ज्यांच्याने तुझं काहीच बिघडलेलं नाही, आणि ज्या दोन गोष्टींनी तुझी झोप, पैसा आणि बायकोसमोर मान वर करून बसायची हिंमत नेलीय त्या तू "वेगळ्या" खात्यात टाकून मोकळा झालास.

रागावू नकोस, मी तुला खोटारडा म्हणत नाहीये. हे असंच होतं, आणि बायबलात ज्याची पत्रं आहेत त्या प्रेषित पौलाने हे आधीच ओळखलेलं आहे. कलस्सैकरांस पत्राचा दुसरा अध्याय काढ, शेवटच्या तीन-चार ओव्या. हे हातात घेऊ नको, ते चाखू नको, त्याला शिवू नको, असले नियम दिसायला फार शहाणपणाचे दिसतात, अंगाला त्रास दिला म्हणून भक्ती केल्यासारखं वाटतं, पण देहाच्या हावेला आवर घालायला त्यांचा काडीचा उपयोग नाही, असं तो म्हणतो. नियम वाईट आहेत एवढंच म्हणून थांबत नाही, ते चालतच नाहीत म्हणतो. आणि तू याचा चालताबोलता पुरावा आहेस, डिसेंबरात कॅट जाळलास आणि त्याच रात्री अंथरुणात फोन होताच ना हातात?

आता मी माझं सांगते, म्हणजे काकू वरून उपदेश करतेय असं वाटायला नको. पस्तीस एक वर्षं झाली असतील, मी संडे स्कूल घ्यायचे. एक मुलगी यायची, बारा-तेरा वर्षांची, आवाज इतका गोड की भजन तिनेच उचलायचं. एका रविवारी ती टिकली लावून आली, हिरव्या बांगड्या पण होत्या, मामाकडे लग्न होतं म्हणे. मी सगळ्यांसमोर तिला उठवून टिकली काढायला लावली, आणि वर शास्त्रपाठातली ओवीपण ऐकवली. पुढच्या रविवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्या पण नाही. मग कधीच नाही. त्या वेळी मला वाटलेलं की मी विश्वासासाठी उभी राहिले, आणि घरी जाऊन मी काय करत होते माहितीये? तेव्हा आमच्याकडे नवीन फोन आला होता लँडलाइनचा, त्यावर तासन् तास, "अगं तिच्या घरासाठी प्रार्थना कर हं, तिच्या मुलाचं असं असं झालंय." प्रार्थनेच्या पिशवीत घालून गल्लीभर निंदा वाटायची. ती कुठल्या यादीत होती? कुठल्याच नाही. निंदा कधी कुणाच्या यादीत नसते, बघ तू, तुझ्या फेलोशिपच्या यादीत पण नसणार.

येशूने परूश्यांना, म्हणजे नियम काटेकोर पाळणाऱ्या त्या काळच्या धर्मपुढाऱ्यांना, नेमकं हेच सुनावलं होतं की तुम्ही पुदिना, शेप आणि जिऱ्याचा पण दशमांश मोजून देता आणि न्याय, दया, विश्वास सोडून देता. मला हे वाचताना नेहमी स्वयंपाकघरच दिसतं, एकजण बसलाय जिऱ्याचे दाणे मोजत, नऊ माझे एक देवाचा, आणि दारात कुणीतरी उपाशी उभं आहे.

असो, तुला स्पष्ट उत्तर पाहिजे होतं ना, देते. कॅरम पाप नाही. पैसे न लावता घरच्यांबरोबर मेंढीकोट खेळणं पाप नाही. पिक्चर कुठला त्यावर आहे, पण थिएटरात पाऊल टाकणं पाप नाही. टिकली, माझ्या हातून जे झालं त्यानंतर मी त्या विषयावर कुणालाही एक शब्द बोलत नाही. फराळाचं म्हणशील तर शेजारीण डबा घेऊन दारात येते ती चकली द्यायला येते, तिच्याशी वागताना करिंथकरांस पहिल्या पत्राचा दहावा अध्याय डोक्यात ठेव. तिथे बाजारातल्या मांसाचा प्रश्न होता, देवळात बळी दिलेलंही तिथेच विकायला यायचं. पौल म्हणतो, बाजारात विकतात ते खा, चौकशा करत बसू नका, कुणी जेवायला बोलावलं तर वाढलेलं खा. कुणी मुद्दाम सांगितलं की हे मूर्तीला वाहिलेलं आहे, तर मात्र त्या सांगणाऱ्याच्या मनासाठी थांब. म्हणजे चकली आणि प्रसाद यात फरक तो करतो, आणि प्रसादाला नाही म्हणतानाही तो माणसाचा विचार करून, हात जोडून, नाक मुरडून नाही. ढोलाचं तू तुझं बघ बाबा, मला आवाजच सहन होत नाही, त्यात धर्म काही नाही.

पण खरी गंमत रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात आहे आणि ती तुझ्या फेलोशिपमध्ये सहसा वाचत नसतील, किंवा वाचतात पण उलटी. तिथे एकजण सगळं खातो आणि एकजण फक्त भाजीपाला खातो. पौल यातल्या कुणाला विश्वासात अशक्त म्हणतो? भाजीवाल्याला! जास्त नियम पाळणारा जास्त पक्का असं आपल्याला वाटतं, पौलाच्या हिशोबात तो अजून नाजूक आहे. पण लगेच तो दुसऱ्यालाही दम देतो, की खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोष लावू नये, दुसऱ्याच्या नोकराचा न्याय करणारा तू कोण. दोघांचे दोन वेगळे आजार आहेत बघ, एकाला तुच्छतेचा, दुसऱ्याला दोष लावण्याचा. तुझ्या घरात सध्या दुसरा आहे. उद्या तू सगळं सोडून मोकळा झालास की पहिला लागेल, तेव्हा जपून.

याच्यावर आपल्याकडची एक गोष्ट आहे जी मला फार आवडते. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या, वाँटेजला सिस्टर लोकांच्या मठात राहिल्या, आणि तिथेच सप्टेंबरात त्यांचा आणि त्यांच्या मुलीचा, मनोरमेचा, बाप्तिस्मा झाला. बाई शाकाहारी, अंडं घातलेलं पुडिंगसुद्धा खायच्या नाहीत. त्यांची जी धर्ममाता होती, सिस्टर जेरल्डिन, तिला हे खटकायचं, की ख्रिस्ती झालीस तरी जातीचा अभिमान सुटला नाही तुझा. आणि रमाबाईंनी काय उत्तर द्यावं, की एखादी इंग्लिश बाई हिंदूंमध्ये येऊन राहिली आणि तिने आपल्या सवयी बदलल्या नाहीत, ज्यांनी शेजाऱ्यांचं काही बिघडत नाही अशा, तर तिला कुणी गर्विष्ठ म्हटलेलं तिला कसं वाटेल? गळ्यातल्या क्रॉसवर लॅटिन अक्षरं होती त्यावरून पण वाजलं होतं, बाईंना संस्कृत हवं होतं, लॅटिन काय संस्कृतपेक्षा जास्त पवित्र आहे का म्हणून.

बघ हं, इथे नियम उलटा आहे. तुझ्याकडे "खाऊ नको" हा नियम, जेरल्डिनकडे "खा, म्हणजे तू खरी मोकळी झालीस हे कळेल" हा नियम. दोन्ही नियमच! मोकळीक सिद्ध करायला खावं लागत असेल तर ती कसली मोकळीक. रमाबाई न खाऊन मोकळ्या होत्या. म्हणून मी तुला असंही म्हणणार नाही की उद्या जा आणि मुद्दाम पिक्चर बघून ये. तुला नसेल बघायचा तर नको बघू. तुझ्या शेताला तू तारेचं कुंपण घाल नाहीतर निवडुंग लाव, तो तुझा हक्क आहे, फक्त शेजाऱ्याचा बांध कोरू नकोस. आजीचा कॅट जाळलास तेव्हा तू बांध कोरलास.

मग "माझ्यामुळे दुसरा अडखळतो" त्याचं काय, असं तुझे वडीलधारे विचारतील, कारण ती ओवी सगळ्यांना पाठ असते. माझ्या भावाला अडखळण होत असेल तर मी मांस कधीच खाणार नाही असं पौल म्हणतो, खरंय, आणि मी ते मनापासून मानते. पण ठेच लागणं वेगळं आणि नाक मुरडणं वेगळं. तुझा एखादा मित्र दारूतून बाहेर पडतोय, त्याच्यासमोर तू ग्लास घेऊन बसलास तर त्याला ठेच लागेल, तिथे तू ग्लास ठेवलाच पाहिजेस, हक्क बिक्क विसरून. एखादा पत्त्यांवर घर घालवून बसलेला माणूस पाहुणा आला तर कॅट कपाटात. पण तीस वर्षं चर्चमध्ये असलेल्या काकांना कॅरम आवडत नाही, त्यांना कसली ठेच लागतेय? ते काय कॅरम बघून विश्वास सोडणारेत? त्यांना फक्त आवडत नाहीये. त्यांच्या आवडीला मान दे, त्यांच्या घरी गेल्यावर खेळू नकोस, विषय संपला.

रविवारच्या क्रिकेटचं राहिलं. एरिक लिडेल माहीत असेल तुला, १९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकला शंभर मीटरची हीट रविवारी होती म्हणून धावला नाही, आणि चारशे मीटरला सुवर्णपदक घेतलं. ही गोष्ट प्रत्येक युवक मेळाव्यात सांगतात. पुढची सांगत नाहीत. तो नंतर चीनमध्ये मिशनरी झाला, दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी त्याला वेइशियनच्या छावणीत बंद केलं, तिथे पोरं पण खूप होती. पोरांचे खेळ तोच घ्यायचा, पण रविवारी नाही. पण रविवारी मोठं कुणी नसलं की पोरं हॉकी खेळता खेळता मारामाऱ्या करायला लागली. तेव्हा ज्या माणसाने रविवारसाठी ऑलिम्पिकची शर्यत सोडली होती तो रविवारी शिट्टी घेऊन मैदानात उभा राहिला. फेब्रुवारी १९४५ मध्ये तिथेच मेंदूच्या गाठीने वारला तो. मला विचारशील तर दोन्ही वेळा तो एकाच देवाचं ऐकत होता. स्वतःच्या पदकाचा प्रश्न होता तेव्हा नियम धरला, पोरांच्या डोक्याला टाके पडायची वेळ आली तेव्हा सोडला. आपण नेमकं उलटं करतो, स्वतःपुरता सोडतो आणि दुसऱ्याच्या पोरांना धरायला लावतो.

आता तुझ्या "वेगळ्या"कडे येऊ. इथे मी मऊ बोलणार नाही.

मोकळीक मोकळीक म्हणून नाचणाऱ्यांना पण पौलाने सोडलेलं नाही. करिंथकरांस पहिलं पत्र, सहावा अध्याय: सगळ्या गोष्टींची मला मोकळीक आहे, पण मी कशाच्याही अधीन होणार नाही. माझ्या लेखी यादीपेक्षा हा एक प्रश्न भारी आहे, याच्या ताब्यात मी आहे की माझ्या ताब्यात हे आहे. आजीच्या पत्त्यांना लाव हा प्रश्न. जेवणाची हाक आली की पत्ते खाली ठेवून सगळे उठतात, एक डाव हरला म्हणून कुणी उसने पैसे काढत नाही, पोरं येऊन मधे बसतात, लपवण्यासारखं काही नाही. आता रात्री दोनच्या फोनला लाव. ठेवू म्हणतोस आणि ठेवता येत नाही, बायको कूस बदलली की स्क्रीन उलटी करतोस, सकाळी स्वतःचीच किळस येते, मग त्या किळसेची भरपाई म्हणून दिवसा अजून एक नियम कडक करतोस. माझा असा अंदाज आहे (चुकीचा असेल तर सांग) की तू ज्या आठवड्यात रात्री जास्त घसरतोस त्याच आठवड्यात घरी जास्त ओरडतोस. नाताळला कॅट जाळलास त्याच्या आदल्या एक-दोन रात्री आठवून बघ.

त्या ॲपचं म्हणशील तर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर बंदीचा कायदा केला, म्हणजे तुझ्यासाठी एक नियम सरकारनेच करून दिला. चांगलं झालं, दार बंद झालं की पाय थोडा अडखळतोच, मी कायद्याच्या विरोधात नाही. पण हाव गेली का? तुला आठवतच असेल की बंद झाल्यावर तू दुसरं काहीतरी शोधलंस, नाहीतर निदान शोधावंसं वाटलं. मार्कच्या सातव्या अध्यायात येशू म्हणतो की बाहेरून आत जातं ते माणसाला विटाळवत नाही, आतून अंतःकरणातून निघतं ते विटाळवतं. आत जे आहे ते आतच बरं करावं लागतं, आणि माझ्या अनुभवाने ते अंधारात एकट्याने होत नाही.

म्हणून, आधी बायकोला पैशाचं सांग. आकडा सांग, "थोडे गेले" नको. ती रडेल, चिडेल, कदाचित माहेरी जाईल दोन दिवस, ते तिला करू दे, आणि त्या वेळी बायबलची ओवी काढू नकोस, प्लीज. दुसरं, रात्री साडेदहाला फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लाव आणि अलार्मसाठी साधं घड्याळ आण, दीडशे-दोनशेत मिळतं. हा नियम आहे का? हो आहे, पण हा तुझ्या जखमेच्या मापाचा आहे, उजवा डोळा अडखळवत असेल तर उपटून टाक असं येशू म्हणाला तो या जातीचा, आणि तो दुसऱ्याचा डोळा उपट असं कुठेही म्हणाला नाही. तिसरं, एक माणूस शोध, पुरुष, शक्यतो तुझ्याहून वयाने मोठा, ज्याला तू आठवड्यातून एकदा खरं सांगू शकशील. बायकोला या कामाला लावू नको, ती पोलीस नाहीये. फेलोशिपमध्ये असा कुणी असेल तर उत्तम, आणि नसेल, म्हणजे सांगितलं की पुढच्या मीटिंगला तुझ्या नावाने प्रार्थना होईल अशी भीती असेल, तर हीच त्या फेलोशिपची परीक्षा समज. ज्या मंडळीत कॅरमबद्दल बोलता येतं पण रात्री अडीचबद्दल बोलता येत नाही तिथे यादी लांब असली तरी उपयोग काय. आणि एवढं करूनही सुटत नसेल, पैसे लावायची ओढ परत परत येत असेल, तर १४४१६ वर फोन कर, टेली-मानस म्हणून सरकारची फुकट हेल्पलाइन आहे, मराठीत बोलतात. समुपदेशकाकडे जाणं म्हणजे विश्वास कमी पडला असं तुला कुणी म्हणालं तर त्याला विचार, चष्मा का लावतोस.

फेलोशिप सोडू का असं तू विचारलं नाहीस पण तुझ्या पत्रात ते दिसतंय. लगेच नको सोडूस. भरकटलेला असताना त्यांनी तुला धरलं, ते ऋण आहे. आणि अगदी सुरुवातीला, नवीन लागवड असताना, रोपाला काठी लागतेच, मी मान्य करते. फक्त झाड मोठं झालं तरी काठीलाच पाणी घालत बसायचं नाही. तुझ्या वडिलांना, म्हणजे चर्चच्या वडिलांना, एकांतात भेट आणि सांग की मी घरी आजीबरोबर पत्ते खेळणार आहे, इथे कुणाला खेळा म्हणून सांगणार नाही. ते काय म्हणतात त्यावरून तुला बरंच कळेल.

आणि आजी. तिला आजोबा गेल्यापासून संध्याकाळचं दुसरं काय होतं रे? फोनवर सॉरी म्हणू नकोस, गावी जा. कॅट नवीन घेऊन जा, प्लास्टिकचा घे, जाड अंकांचा, तिला बारीक दिसत नसणार. शेजारच्या कुणालातरी चौथा भिडू म्हणून बोलाव, बायको आली तर तिला आजीची भिडू कर. तू विषय काढायच्या आधी आजी पत्ते पिसायला घेईल बघ. आणि एक, दया म्हणून तिला दश्शी सोडू नकोस, या म्हाताऱ्यांना लगेच कळतं.